हिरवळ हवी, पण पाणी कोणाचे?

महाड-पोलादपूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण डोंगरउतारावरचे पाणी सावित्रीतून वाहून जाते आणि उन्हाळ्यात पोलादपूरच्या वाड्या टँकरची वाट पाहतात. अशा मुलखात बंगल्यापुढे लॉन ठेवणे कितपत परवडते, याचा हिशेब आपण करू.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला रोज 5 मिलिमीटर पाणी धरले, तर 500 चौरस फुटांना सुमारे 230 लिटर लागतात. जलजीवन मिशनचे ग्रामीण प्रमाण माणशी 55 लिटर आहे. म्हणजे ही हिरवळ चार माणसांचे पाणी पिते! फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर रिकामे होतात.

कृत्रिम गवताला रोजचे पाणी लागत नाही. फक्त अधूनमधून धुवावे लागते. म्हणून हा माल आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी समजून घ्यावा. खरे काम गालिच्याखाली असते. माती काढून खडी व कच टाकावी, घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि धुम्मस करावी. पट्ट्यांच्या पात्यांची दिशा एकच ठेवावी. सांधा पट्टी व गोंदाने पक्का करावा. तळाला पाणी निचरण्याची भोके आहेत, हे माल घेतानाच पाहावे. आपल्याकडच्या पावसात निचरा चुकला की गालिचा तरंगलाच!

गिऱ्हाइकाला उणिवाही सांगाव्यात. हे प्लास्टिक आहे. ते भर उन्हात तापते, मुलांचे पाय पोळतात. काही वर्षांनी ते झिजते आणि त्याचा कचरा होतो. महाडच्या सखल भागात तर 2021 च्या जुलैसारखा पूर आला की गाळाने भोके बुजतात. तेथे आम्ही हा माल सुचवणार नाही.

जागा मोठी असेल, तर तिसरा मार्ग स्वस्त आहे. बसण्यापुरता सावलीतला तुकडा कृत्रिम गवताने झाकावा आणि उरलेल्या जागेत गावठी गवत राहू द्यावे. ते उन्हाळ्यात वाळते, पण जूनच्या पहिल्या सरींनी बिनखर्चात हिरवे होते. असा सल्ला दिल्याने आजची विक्री थोडी घटेल, पण तेच गिऱ्हाईक उद्या शेजाऱ्याला घेऊन आपल्या दुकानी येईल.