मावळतीचा फोटो : काळ्या आकृतीचा पाठ

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, हा पाठ दिवाळीच्या सुट्टीआधी घेऊन टाका. पाऊस उघडलेला असतो, पश्चिमेला थोडे ढग उरलेले असतात आणि आपल्या बीड जिल्ह्यातली मुलं अजून वर्गात असतात. हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहिलेली मुलं सोडली तर बाकीची नावं नुसती हजेरीपटावर राहतात.

मावळत्या सूर्यासमोर माणूस उभा केला की फोटोत त्याची काळी आकृती उरते. तिला सिल्हूट म्हणतात. एत्येन द सिलूएत हे १७५९ साली, म्हणजे पानिपतच्या दोन वर्षं आधी, फ्रान्सचे अर्थमंत्री होते. काटकसरीपायी लोकांच्या रोषाला आलेले! स्वस्तातल्या काळ्या छायाचित्रांना त्यांचं नाव चिकटलं.

असं का होतं ते मुलांना आधी अंदाजानं सांगू द्या. आपला डोळा उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते एका वेळी तेवढं जमत नाही. म्हणून मोबाइलवर बोट माणसावर नाही, उजळ आकाशावर टेकवायचं आणि बाजूला उजेड कमी-जास्त करायची खूण येते ती खाली ओढायची. फ्लॅश बंद. एचडीआरही बंद, कारण तो सावलीतलं उजळवायला बघतो, म्हणजे आपली मेहनत पुसतो.

चेहरा कॅमेऱ्याकडे असला की नुसता गोळा दिसतो. बाजूनं उभं केलं की नाक, हनुवटी, वेणी, कमरेवरची घागर कळते. दोघं असतील तर मधून आकाश दिसू द्या. काढणाऱ्यानं चक्क ढेकळांत बसावं, नाहीतर पाय जमिनीच्या काळ्यात बुडतात. शेताचा बांध चांगला, बालाघाटातलं टेकाड त्याहून चांगलं. नायगावच्या अभयारण्याकडे मोर बाजूनं दिसला तर विचारायलाच नको.

गणितही यातच येतं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंशाला ४ मिनिटं. सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचं. मग ते टेकल्यापासून बुडेपर्यंत किती वेळ? दोन मिनिटं, आपल्याकडे किंचित जास्त. तयारी आधीच हवी. मात्र सूर्याकडे टक लावून बघू देऊ नका. बिंब झाडामागं किंवा माणसामागंच ठेवा.

आता बैलगाडी. ऊसतोडीला निघालेली गाडी सगळ्यांनाच टिपावीशी वाटते, आणि दिसतेही देखणी. पण मला तो फोटो एकटा अपुरा वाटतो. काळ्या आकृतीत फाटका सदरा दिसत नाही, गाडीत बसलेली चौथीतली पोरगी कुठल्या कारखान्याला चाललीय ते कळत नाही. तेव्हा फोटोखाली मुलांनाच लिहू द्या : गाडीत कोण, कुठं, परत कधी. ज्यांच्या घरचा कोयता आहे ती मुलं इथं सगळ्यांत जास्त लिहितात.

प्रत्येकाच्या आकृतीची एक प्रत छापून त्याला द्या. मागं मुलाचं नाव, इयत्ता, शाळा आणि वर्गशिक्षकांचा नंबर लिहा. तिकडच्या शाळेत बसवायची वेळ आली तर गुरुजींना फोन करता येतो.