सटाण्यात पहिला स्प्रिंट: दहा दिवसांत कांद्याची एक फोड

चला, बाह्या सरसावा. कांदा विकून घरी निघालेल्या शेतकऱ्याला त्याचा हिशोब तिथल्या तिथे दाखवणारं मोबाइल ॲप आपण करायला घेतोय, आणि तेही अजाईल पद्धतीनं. टीम चौघांची धरतो. पायरी १ ते ५ गुरुवार-शुक्रवारी उरका. सहाव्या पायरीला सोमवार उजाडतो आणि तिथून कामाचे दहा दिवस मोजायचे; हाच आपला स्प्रिंट.

साहित्य: एक मोकळी भिंत, चिकट चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे, जाड मार्कर, आणि एक जुना अँड्रॉइड फोन. काचेला तडा असेल तर फारच उत्तम.

१. भिंत रिकामी करा. दारातून आत आल्या आल्या दिसेल अशीच निवडा. बोर्ड लॅपटॉपवर ठेवायचा मोह होईल, पण लाईट जाते, वायफाय जातं, भिंत कुठे जात नाही.

२. चौघांतला एक जण प्रॉडक्ट ओनर नेमा. आधी काय आणि नंतर काय, हे तोच सांगणार. जपा: ‘आपण सगळे मिळून ठरवू’ म्हणालात की रोज संध्याकाळी चहावर वाद ठरलेला.

३. लिलावाच्या दिवशी बाजार समितीच्या आवारात जाऊन एकाच ट्रॅक्टरमागे शेवटपर्यंत फिरा. लॅपटॉप नको, वही न्या. ट्रॅक्टर रांगेत लागतो, बोली होते, भाव लिहिलेली चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते. मग भुईकाट्यावर भरलेलं वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, परत काट्यावर रिकामं वजन, आणि शेवटी हिशोबपट्टी. शेतकरी कुठे थांबतो, कुठे खिशातला कागद काढून पुन्हा पुन्हा बघतो, हे टिपा. मध्येच ‘आमचं ॲप येतंय’ सांगू नका, नाहीतर माणसं तुम्हाला बरं वाटेल तेच बोलतात.

४. ओळखीच्या शेतकऱ्यांकडून दहा जुन्या हिशोबपट्ट्यांचे फोटो मिळवा. फोटो काढण्याआधी विचारा, आणि नाव-मोबाइल नंबरावर बोट ठेवूनच काढा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे. आपली टीम चौघांची म्हणून सूट मिळेल असं समजू नका. या दहा पट्ट्या जपून ठेवा, नवव्या पायरीला लागतील.

५. एका चिठ्ठीवर एकच गरज लिहा, शेतकऱ्याच्या तोंडच्या भाषेत. ‘ट्रॅक्टर चालू करायच्या आधी मला कळायला हवं, पैसे किती झाले.’ ही झाली स्टोरी. ‘डेटाबेस बनवणे’ अशी चिठ्ठी दिसली तर भिंतीवरून काढा. ते शेतकऱ्यानं मागितलेलं नाही.

६. सोमवारी सकाळी सगळ्या चिठ्ठ्या एकाखाली एक लावा. हा तुमचा बॅकलॉग. दोन चिठ्ठ्या शेजारी-शेजारी लावायच्या नाहीत. ‘दोन्ही महत्त्वाच्या’ असं कोणी म्हणालं तर प्रॉडक्ट ओनरकडे बघा आणि गप्प राहा.

७. सगळ्यात वरच्या चिठ्ठीची फोड कापा. इथे जरा थांबू या, कारण बहुतेक टीम इथेच घसरतात. कांदा घ्या. खरंच घ्या, सटाण्यात कांद्याला काय तोटा! पाकळ्या सोलत गेलात तर एकेक थर सुटतो: आधी सगळा डेटाबेस, मग सगळा सर्व्हर, मग सगळे स्क्रीन. दहाव्या दिवशी हातात नुसती सालं. आता दुसरा कांदा घ्या आणि सुरी उभी चालवा. एकाच फोडीत प्रत्येक थराचा तुकडा आला ना? आपली फोड अशी: भरलेलं वजन, रिकामं वजन आणि भाव टाकायचा, बटण दाबायचं, रक्कम बघायची, आणि ती फोनमध्ये साठली पाहिजे. बस. हमाली-तोलाईची कपात दुसऱ्या फोडीत. लॉगिन नको, ग्राफ नको. ग्राफाचा आग्रह धरणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतोच. आमच्यात तो मी होतो.

८. कामाचा आकार बोटांनी सांगा. आकडे फक्त १, २, ३, ५ आणि ८. तीन म्हटल्यावर चौघांनी एकदम हात वर करायचे. एकाची दोन बोटं आणि दुसऱ्याची आठ दिसली, तर त्या दोघांनाच आधी बोलू द्या. एकाला माहीत असलेली काहीतरी भानगड दुसऱ्याला माहीत नसते. दोन्ही हातांच्या बोटांत काम मावलं नाही, तर परत सातव्या पायरीवर. सरासरी काढून मोकळे होऊ नका.

९. ‘झालं’ कधी म्हणायचं ते मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. आमचा कागद असा आहे: जुन्या फोनवर चाललं, नेट बंद असताना चाललं, उन्हात उभं राहून वाचता आलं, कोड दुसऱ्यानं तपासला, आणि दहाही पट्ट्यांची कपातीआधीची रक्कम रुपयाला रुपया जुळली. शेवटची अट आम्ही मार खाऊन शिकलो. भाव क्विंटलचा आणि वजन किलोत, हे विसरून आम्ही थेट गुणाकार केला होता. निव्वळ २,२२० किलो, भाव १,४५० रुपये, आणि एका आबांना ट्रॅक्टरभर कांद्याचे ३२,१९,००० रुपये दाखवले! आबा म्हणाले, तुमच्याच काट्यावर घालतो यापुढे. खरी रक्कम ३२,१९०.

१०. दहा दिवसांत जमेल असं वाटतं, त्याच्या निम्म्याच चिठ्ठ्या उचला. पहिल्या स्प्रिंटला अंदाज चुकतोच, आणि कोणाच्या ना कोणाच्या घरी कांदा काढणी निघतेच.

११. भिंतीवर तीन उभे रकाने आखा: करायचं, चालू, झालं. ‘चालू’मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या. माणसं चार आणि चिठ्ठ्या तीन, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या कामात हात घालावाच लागतो. चौथी चिठ्ठी कोणी हळूच सरकवली तर तिथल्या तिथे परत लावा.

१२. रोज सकाळी साडेनऊला भिंतीसमोर उभ्यानं बोला, पंधरा मिनिटं. सुरुवात ‘झालं’च्या बाजूनं करा: शेवटाला सर्वात जवळ पोचलेली चिठ्ठी आज पुढे कशी सरकेल? खुर्च्या बाहेर ठेवा. एखादा बग उकलत बसलात तर साडेदहा वाजतात; त्यात गुंतलेल्या दोघांनी नंतर बसायचं, बाकीचे कामाला.

१३. रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी आपापला कोड मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करा. नवव्या दिवशी एकदम जोडू म्हणाल तर दहावा दिवस त्यातच जाईल.

१४. पाचव्या दिवशी ॲप एका शेतकऱ्याच्या फोनवर टाका. अर्धवट का असेना.

१५. स्प्रिंट चालू असताना आलेली प्रत्येक नवी मागणी चिठ्ठीवर लिहून बॅकलॉगमध्ये लावा. येईलच फोन कोणाचा तरी: डाळिंबाचंही करा, कॅरेटचाही हिशोब घाला. ‘लिहून घेतलं, दादा’ म्हणा आणि लिहाच. ‘चालू’च्या रकान्याला मात्र हात लावू द्यायचा नाही.

१६. दहाव्या दिवशी डेमो द्या, म्हणजे फोन शेतकऱ्याच्या हातात द्या आणि तुमचे हात पाठीमागे बांधा. आमच्या नानांनी भरलेलं वजन टाकलं: ५,४८०. मग बोट दुसऱ्या चौकटीवर अडलं. ‘हाई काय शे?’ तिथे लिहिलं होतं ‘टेअर वजन’. चौघांपैकी एकालाही दहा दिवसांत ते खटकलं नव्हतं. ‘रिकामं वजन’ असा बदल करायला दोन मिनिटं लागली. नानांनी ३,२६० टाकले, भाव टाकला, ३२,१९० वाचले आणि लगेच विचारलं, हमाली-तोलाई कुठे आहे? दुसऱ्या फोडीची चिठ्ठी सगळ्यात वर गेली. अडलेल्या माणसाला ‘इथे दाबा’ सांगू नका. तो अडला ती जागा टिपून घ्या.

१७. त्याच दुपारी चौघंच बसून पुढच्या वेळी बदलायची एक गोष्ट निवडा. एकच. सात निवडल्या की सातही राहतात. ‘तुझ्यामुळे उशीर झाला’ सुरू झालं तर चहा मागवा आणि भिंतीवर बोट ठेवून बोला: चिठ्ठी कोणत्या रकान्यात, किती दिवस अडली?

१८. प्ले स्टोअरवर बंद चाचणी सुरू करा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवसांची चाचणी दाखवावी लागते. खातं उघडायला एकदाच २५ डॉलर पडतात. काटोकाट बारा धरू नका, पंधरा-सोळा जण घ्या. कोणीतरी फोन बदलतो, कोणाला जीमेलचा पासवर्डच आठवत नाही. हे चौदा दिवस दुसऱ्या स्प्रिंटच्या बरोबरीनं सरतात, म्हणून चाचणी आजच लावायची.

१९. दुसऱ्या स्प्रिंटची तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. मार्गशीर्षात सटाण्यात देवमामलेदारांची यात्रा भरते तेव्हा टीममधले निम्मे पाहुण्यांत आणि निम्मे पाळण्यांत असतात. त्या दिवसांत डेमो ठेवू नका.

२०. ‘झालं’मधल्या चिठ्ठ्या काढून डब्यात ठेवा आणि सहाव्या पायरीवर परत या. हमाली-तोलाईची चिठ्ठी वरच आहे. कांदा आणि सुरी घेऊन बसा.