परतीचं तिकीट

परतीचं तिकीट आधी काढू नका. मूल दत्तक घ्यायला परदेशातून भारतात येणाऱ्या जोडप्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते, कारण आम्ही ते काढून बसलो होतो. चौदा दिवसांत परत, आणि तिसरं तिकीट लेकीच्या नावाचं. तिच्या पासपोर्टचा तेव्हा पत्ता नव्हता.

आम्ही दोघं मूळचे नागपूरचे, आता न्यू जर्सीत, अमेरिकन नागरिक. जोडप्याच्या वयांची बेरीज ९०च्या वर गेली की चार वर्षांखालचं मूल मिळत नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी ती १००पर्यंत चालते. आमची ९३ भरली. त्यामुळे साडेचार वर्षांची मुलगी सुचवली गेली, रायपूरच्या एका संस्थेतली. रायपूर म्हणजे नागपूरच्या शेजारचंच, म्हणून मी निर्धास्त होते.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझे एक लांबचे काका राहतात. कागदांची थप्पी बघून ते म्हणाले, "अगं, भटजी बोलावू, दत्तकविधान करू, दत्तकपत्र रजिस्टर करू. झालं!" मग स्वतःच हसले. "तसं या मुलखाचं नशीबच दत्तकापायी फिरलंय म्हणा." तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, इंग्रजांनी दत्तक मानला नाही, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, रायपूर त्यातच गेलं.

काकांचा सल्ला मात्र ऐकू नका. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकांसाठीचा हेग करार भारतात २००३ पासून लागू आहे, अमेरिकेत २००८ पासून, आणि अशा दोन देशांमध्ये पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. घराची पाहणी आणि तिचा अहवाल, मग अमेरिकेची पालक म्हणून मंजुरी, कारात (भारताचं केंद्रीय दत्तक प्राधिकरण) नोंदणी, मुलाची स्वीकृती, त्या मुलासाठी अमेरिकेची तात्पुरती मंजुरी, काराचं ना हरकत प्रमाणपत्र, आणि त्यानंतरच दत्तकाचा आदेश. तो पूर्वी कोर्ट देत असे, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी देतात. आधी दत्तक घेऊन मग अमेरिकेकडे अर्ज केला, तर तो अर्ज टिकत नाही. विधिवत झालेलं दत्तकविधान घरच्यांना पटतं, व्हिसाच्या खिडकीला पटत नाही. गावाकडे भावाचं मूल दत्तक घ्यायला निघालेल्यांनी हे आधी वाचावं. सगळ्यात जास्त फसगत त्यांचीच होते.

आम्ही पोचलो तेव्हा आदेश हातात पडला होता. उरलं होतं जन्म प्रमाणपत्र, पासपोर्ट, हेग करारानुसार दत्तक झाल्याचा काराचा दाखला आणि दिल्लीतला व्हिसा. आणि तिथे मी माती खाल्ली. आमच्या आडनावात 'व' आहे. माझ्या पासपोर्टावर त्याचं डब्ल्यू, पण जन्म प्रमाणपत्रासाठी नाव लिहून देताना मी शाळेच्या सवयीनं व्ही लिहिलं. प्रमाणपत्र तसंच छापून आलं, आणि पुढचं सगळं एका अक्षरासाठी अडलं. दुरुस्ती, नवा दाखला, मग पासपोर्टचा अर्ज. नवऱ्याची रजा संपली, तो परतला. (अमेरिकेत दत्तकासाठी बारा आठवडे बिनपगारी रजा मिळू शकते, तुमची कंपनी त्यात बसते का ते आधी बघा. आम्ही पगारी रजेच्या हिशेबात अडकलो.) दोघांपैकी एक परतणार असेल, तर जाण्याआधी मुखत्यारपत्र करून ठेवा. आणि सगळ्यांची नावं पासपोर्टावर आहेत तशी एका कागदावर टाइप करा. प्रत्येक टेबलावर तोच कागद द्या, तोंडी सांगू नका.

तर मी आणि ती, भाड्याच्या दोन खोल्यांत. पहिल्या सकाळी मी अमेरिकेहून आणलेला डबा उघडला, दुधात कुरमुऱ्यासारखं काहीतरी भिजवलं. तिनं वाटी बोटानं लांब सारली. इतकी हळू, की दुधाचा थेंबही सांडला नाही. दुपारपर्यंत पोटात काही नाही. मी संस्थेतल्या मौसीला फोन लावला. ती म्हणाली, "बासी देबे त खाही." रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा लावून खायचा, तीच बोरे बासी. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावून पाणीसुद्धा संपवलं.

संध्याकाळ झाली की मात्र "घर जाबो" सुरू व्हायचं, आणि घर म्हणजे संस्था. मी नागपूरची, हिंदी येतं म्हणून मिरवत होते, पण लेकीला छत्तीसगढी येत होती. संस्थेतून फक्त फाइल घेऊन निघू नका. मूल काय खातं, कशाला घाबरतं, झोपताना काय ऐकतं, तहान लागली की काय म्हणतं, हे सांभाळणाऱ्या बाईंकडून लिहून घ्या. त्यांचा आवाज मोबाइलवर टेप करा. जुनी चादर मागा, आणि धुऊ नका. कपडे मी नवे घेऊन गेले होते, सहा जोड. ती झोपायची त्या विटक्या चादरीवर.

दिल्लीहून विमानात बसलो तेव्हा ठरल्या दिवसावर तेवीस दिवस उलटले होते. जुनी तिकिटं बुडाली.

घरी आल्यावरही कागद संपत नाहीत. दोन वर्षं अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. पहिल्या अहवालाच्या वेळी न्याहारीच्या रकान्यात मी बासी भात असं इंग्रजीत भाषांतर करून लिहिलं. दोन दिवसांनी समाजसेविकेचा फोन आला. आवाज जरा जपूनच होता: मुलीला तुम्ही रोज शिळं अन्न देता का?