कागदी पेला

एका घराची गोष्ट. घरी माणसांची ये-जा फार. दिवसाला दहा चहा. पेले विसळायचे सुनेने एकटीने! तिने कागदी पेले आणले. रुपयाला एक पेला. महिन्याचे झाले 300 रुपये.

सासू म्हणाली, "अगं, कागदच तो. उकिरड्यात कुजून जाईल."

तसे होत नाही, बरे का. पेला भिजवून फाडून पाहा. आतून प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा निघतो. त्याच्यामुळेच चहा गळत नाही. हा पापुद्रा कुजत नाही. खताबरोबर तो शेतात जातो. चुलीत घातला तर घाण धूर होतो. खरकट्याच्या वासाने गुरेही पेले खातात. मग ते पोटात अडकते.

त्या घरात आता स्टीलचे 12 पेले आहेत. सांडलवंड पुसायला जुन्या लुगड्याची फडकी केली आहेत. भजी ताटलीत काढतात, रद्दीवर नाही. छपाईची शाई तेलात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 सालीच तसे बजावले आहे.

लग्नकार्याला बचत गटाने ताटे-पेले घेऊन ठेवावेत. घासणाऱ्या बाईला मजुरी मात्र द्यावी. फुकट राबवू नये.

आणि घरातले पेले? ज्याने प्यायचे, त्याने विसळायचे. सासरेबुवा आधी कुरकुरले. आता विसळतात.