शुगर उतरली की साखरच द्यायची

माझ्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे, हे गारगोटीतल्या आमच्या सगळ्या पै-पाहुण्यांना माहीत आहे. तरीही मे महिन्यातल्या त्या लग्नात जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

पंगत लांबली होती. तो माझ्यापाशी आला तेव्हा कपाळ घामानं डबडबलेलं, ओठ पांढरे, बोलणं भलतंच. मीटरवर ४८. मी पेल्यात साखर कालवली, तेवढ्यात दिरांनी माझा हात धरला. "वैनी, शुगरवाल्या पोराला साखर चारताय? आधी इंजेक्शन द्या!" चारचौघींनी माना डोलावल्या. हात झटकून मी पेला त्याच्या तोंडाला लावला. पंधरा मिनिटांनी ८२. दिरांनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. उलट मी चारचौघांत अपमान केला, असं आजही सांगत फिरतात. त्या क्षणी इन्सुलिन दिलं असतं, तर पोर हाती लागलं नसतं.

शुगर ७०च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची. ग्लुकोज पावडर असेल तर उत्तमच. लहान पोराला किती, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. मीटर जवळ नसेल तरी थांबू नका. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धपणामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुगर वर आली आणि जेवणाला अवकाश असेल, तर भाकरी-चपाती द्या.

पोर बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका. कुशीवर वळवा, १०८ला फोन करा, डॉक्टरांनी ग्लुकागॉन देऊन ठेवलं असेल तर ते टोचा. नंतर घाबरून पुढचं इन्सुलिन मनानं बंद करू नका. टाइप वनमध्ये तेही जिवावर बेततं. कबड्डी खेळून आलेल्या दिवशी रात्री शुगर उतरू शकते, म्हणून झोपण्याआधी तपासाच.

शाळेनं आडकाठी केली तर सांगा, अशा मुलांना शुगर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मधला खाऊ खायला मुभा द्यावी, असं राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २०२३ साली राज्यांना कळवलेलं आहे.

बाकी धीर सोडू नका. आणि पाहुण्यांनो, कोल्हापूरचे दवाखाने इथून पन्नासेक किलोमीटरवर आहेत. तिथवर पोचायला त्या वेळी सवड नसते. सल्ला देऊ नका, साखरेचा डबा पुढं करा.