ताप येणे आणि तापणे

दूध तापते, तवा तापतो, ऊन तापते. धाकट्याने वही फाडली की 'काय डोक्याला ताप आहे' असे आपण म्हणतोच. पण 'याचं अंग तापलंय' म्हणत आई मुलाला दवाखान्यात आणते, तेव्हा मी आधी विचारतो, थंडी वाजली होती की उन्हात खेळत होता?

थर्मामीटरचा आकडा दोन्हींत चढलेलाच दिसतो. (हाताच्या अंदाजावर विसंबू नये, तापातही हातपाय गार लागतात.) फरक आहे तो आत. जंतू शिरले की मेंदूच अंगाची उष्णता वाढवण्याचा हुकूम सोडतो, म्हणून हुडहुडी भरते. पॅरासिटॅमॉल हा हुकूम मागे घ्यायला लावते. उन्हाने तापलेल्या शरीरात असा हुकूमच नसतो. बाहेरची उष्णता त्याला आवरत नाही, एवढेच. तिथे ती गोळी काय करणार?

अशा वेळी सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. मूल बरळू लागले, गुंगीत गेले किंवा झटका आला तर तो उष्माघात समजावा. अंग गार करत करतच दवाखाना गाठावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.