देवाच्या गाण्याला मार्क देताना

मी शिंदखेड्यात राहतो, शाळेत शिकवतो आणि एका ख्रिस्ती मासिकात नव्या उपासनागीतांवर परीक्षणं लिहितो. या शेवटच्या कामाचं घरात कुणाला कौतुक नाही. “देवाच्या गाण्याला मार्क देणारा तू कोण?” असं आई विचारते, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. तरी लिहीत आलो. त्यातून जे काही कळलं, ते थोडंसं इथं.

१. हेडफोन लावून ऐकलेलं गाणं वेगळं आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, म्हटलेलं वेगळं. हल्लीच्या बऱ्याच गीतांत सुरुवात अगदी खालच्या सुरात होते आणि शेवटाकडे तीच चाल एकदम वरच्या सप्तकात चढते. ऐकताना अंगावर काटा येतो. पण रविवारी आमच्याकडे निम्म्याहून जास्त बायका असतात. खाली त्यांचा आवाज पोचत नाही, वर ओरडावं लागतं. मग हळूहळू सगळ्या गप्प होतात आणि पुढे माईक धरून उभी असलेली मुलंच तेवढी गात राहतात. जुने पेटीवाले पट्टी काळी चार की काळी पाच हे समोर कोण बसलंय ते बघून ठरवायचे. अल्बमची पट्टी गायकाच्या गळ्याला बघून ठरलेली असते. म्हणून मी आता चालीच्या आधी पट्टीबद्दल लिहितो. संपादकांना ते फार कोरडं वाटतं.

२. वीज गेली की गाण्याचा कस लागतो, असं मी मोठ्या ऐटीत म्हणतो. पण ही कसोटी वाटते तितकी सरळ नाही. आमच्याकडे ती फुकटात होते. कीबोर्ड थांबतो, ऑक्टापॅड मुका होतो, पडद्यावरचे शब्द जातात. नवं गीत दोन ओळींत बंद पडतं. तेवढ्यात मागून कुणी आजी ‘उपासनासंगीत’ या मराठी गीतसंग्रहातलं जुनं पद उचलतात आणि ते नुसत्या टाळ्यांवर शेवटपर्यंत जातं. जुनं जिंकलं, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर जिंकतं ते पाठांतर. आजींना ते पद लहानपणापासून येतं, नवं गीत येऊन जेमतेम महिना झालेला असतो. इंग्लंडात वॉटफर्डच्या एका मंडळीत पाळकांनी काही काळ बँड आणि साउंड सिस्टिम मुद्दाम बंद ठेवली होती. त्या अनुभवातून मॅट रेडमन यांनी ‘द हार्ट ऑफ वर्शिप’ लिहिलं. गंमत अशी, की आज तेही सगळीकडे पूर्ण बँड लावूनच वाजतं.

३. जे आज जुनं आहे ते एकदा नवंकोरं होतं, हे कळायला मला टिळकांपर्यंत जावं लागलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, ओवी, भजनाच्या वळणाची गीतं मराठी मंडळ्यांना दिली. ‘उपासनासंगीता’त त्यांची अडीचशेच्या आसपास गीतं आहेत. मी त्या काळात परीक्षणं लिहीत असतो तर? ‘चाली देशी आहेत, पण गांभीर्य कमी पडतं’ असं काहीतरी लिहून मोकळा झालो असतो, अशी मला दाट शंका आहे. शिवाय त्या काळातली सगळीच पदं काही आपल्यापर्यंत आलेली नाहीत. आपण शंभर वर्षं चाळून उरलेल्या गव्हाची तुलना खळ्यावरच्या आजच्या राशीशी करतो आणि म्हणतो, हल्लीच्या मालात खडे फार.

४. तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं हा दोष आहे की नाही, याचा निकाल माझ्याच्यानं लागत नाही. आमच्या गल्लीत एकादशीला भजन असतं. तिथं धृपद किती वेळा फिरलं, हे कुणी मोजत नाही. फरक एवढाच, की भजनात लय चढत जाते, टाळकरी एकमेकांकडे बघत वेग वाढवतात. नव्या गीतांत लय बहुधा तीच राहते, आवाज तेवढा वाढतो. पण मंडळीत वाचता न येणाऱ्या बायकांकडे बघितलं, की माझी टीका लंगडी पडते. एक-दोन फेऱ्या त्या नुसत्या ऐकतात. मग ओठ हलायला लागतात. आणखी थोड्या वेळानं डोळे मिटून गातात. पुन्हा पुन्हा येणारी ओळ हेच त्यांचं पुस्तक. मी मात्र दुसऱ्या फेरीलाच वहीत ‘रटाळ’ लिहून ठेवलेलं असतं.

५. समुद्र न पाहिलेल्या माणसानं समुद्राचं गाणं म्हणू नये, असं काही नाही. हिलसाँग युनायटेड या बँडचं ‘ओशन्स’ २०१३ साली आलं आणि आमच्या कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचलं. आमचा तालुका अवर्षणाचा, बुराई नदी उन्हाळ्यात कोरडी. ‘इथं समुद्र कुठला?’ हा परिच्छेद माझ्याकडे तयारच होता. तापीकाठच्या गावातली एक मुलगी म्हणाली, “सर, पाण्याची भीती वाटायला समुद्रच लागतो का? आमच्याकडे पूर येतो.” तसं पाहिलं तर बायबलमधला गालीलचा समुद्र म्हणजे तरी गोड्या पाण्याचं सरोवरच. तो परिच्छेद मी काढून टाकला. एक तक्रार मात्र शिल्लक आहे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांत विलापाची भरपूर. नव्या गीतांत विजय आहे, आनंद आहे. पण कापसाचा भाव पडला त्या वर्षी कुणब्यानं काय म्हणायचं, ते गीत मला अजून सापडलेलं नाही.

६. परकं कशाला म्हणायचं, याचा माझा हिशेब रोज चुकतो. ‘सगळं अमेरिकेतून येतं’ असं म्हणावं, तर आमच्या तरुणांना पाठ असलेलं ‘वे मेकर’ नायजेरियाच्या सिनाच यांचं निघतं, २०१५ सालचं. आणि घरचं म्हणावं, तर लग्नातल्या डीजेच्या ठेक्यावर बसवलेलं अहिराणी भक्तिगीत मला आजही झेपत नाही. पण तेच गीत लागलं, की शुद्ध मराठी गीतांना तोंड न उघडणारे म्हातारे टाळ्या धरतात. माझी आवड आणि त्यांची भक्ती यांचं जमलंच पाहिजे, अशी काही अट नाही.

७. ओळखीच्याचं गाणं तोलणं सगळ्यात अवघड. गावातल्या एका मुलानं धुळ्याच्या स्टुडिओत तासाचे पैसे भरून गीत ध्वनिमुद्रित केलं. मी जपून लिहिलं: चाल बरी, शब्द विस्कळीत. त्याची आई बाजारात भेटली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “भाऊ, तू लिखस ते बठ्ठं खरं, पन तू म्हनस का ते गानं?” मी म्हणत नव्हतो. परीक्षकाच्या खुर्चीत बसलं, की तोंड मिटतं आणि पेन उघडतं.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो. मंडळीत सगळ्यांबरोबर एकदा तरी तोंड उघडून म्हटल्याशिवाय कुठल्याही गीतावर लिहीत नाही. माझा आवाज बेताचाच, त्यामुळे परीक्षणं उशिरा येतात आणि शेजारी बसणाऱ्यांना थोडं सोसावं लागतं. तुमच्याकडेही कुणी नवं गीत आणलं, तर आधी दोन रविवार ते म्हणून बघा. मत मग द्या.